कुंपणच शेत खाऊ लागले तर



१ जुलै २०१८ हा दिवस रविवार होता. आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात त्या दिवशी आठवडे बाजार भरला होता. मूळचे मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण त्या बाजारात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पोहोचली होती. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना कोणाला तरी दिसला, तेवढे निमित्त पुरले. गर्दी जमली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेण्यात आले आणि तिथेच मरेपर्यंत मारण्यात आले. सोडवायला आलेल्या पोलिसांनाही मार बसला.

त्या पाच जणांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती इतक्या शब्दशः खरी होईल, तीही आपल्या जिल्ह्यात, असे कोणाला वाटले नसेल.

त्याच रविवारी रात्री, आपल्याच आग्रा रोडवरच्या मालेगावात, त्याच अफवेने दुसरी गर्दी जमली होती. परभणीकडचे एक कुटुंब तिच्या तावडीत सापडले होते. त्यात दोन वर्षांचे लहान मूलही होते. तिथल्या काही रहिवाशांनी त्यांना एका घरात घेतले. बाहेर शेकडो लोक जमले, पोलिसांच्या गाडीची मोडतोड झाली, पण पोलीस हटले नाहीत. ते कुटुंब जिवंत बाहेर पडले.

अफवा एक, दिवस एक, लोकही साधारण आपल्यासारखेच. दोन्हीकडे अनोळखी माणसांना एका खोलीत नेण्यात आले. एक खोली सापळा झाली, दुसरी आसरा. फरक एवढाच की मालेगावात कोणीतरी वेळेवर दाराशी उभे राहिले. हा फरक मोठा की छोटा, याचा विचार आज आपण मिळून करू या.

हारांचा अर्थ

राईनपाड्याच्या बातम्या अजून वर्तमानपत्रांत येत होत्या, त्याच आठवड्यात झारखंडमधून एक छायाचित्र देशभर पोहोचले. जून २०१७ मध्ये रामगढ येथे गोमांस नेत असल्याच्या संशयावरून जमावाने एका व्यापाऱ्याला ठार मारले होते. त्या खटल्यात दोषी ठरलेल्या आठ जणांना उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. ते बाहेर आल्यावर केंद्रातील तेव्हाचे राज्यमंत्री जयंत सिन्हा यांनी त्यांना हार घातले. पुढे टीका झाली तेव्हा मंत्रिमहोदयांनी खेद व्यक्त केला. अपिलाचा निकाल लागायचा आहे, कायद्याला आपले काम करू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. जामीन मिळणे हा आरोपीचा हक्क आहे, हे आम्हीही मानतो. परंतु जामीन न्यायालय देते आणि हार माणूस देतो. न्यायालयाने 'सध्या घरी जा' एवढेच म्हटले होते. हाराने 'शाबास' म्हटले.

'राजा बोले, दळ हाले' असे आपले जुने लोक म्हणत. सामान्य माणूस चावडीवर बसून 'अशांना ठेचायलाच हवे' म्हणतो, तेव्हा तो त्याचा राग असतो. तेच वाक्य मंत्री, आमदार किंवा पोलीस अधिकारी बोलतो तेव्हा ती परवानगी होते. ऐकणारा मनाशी हिशेब करतो की आपण हात उचलला तर साहेब आपल्या बाजूने आहेत. हात उचलण्यापूर्वी जी शेवटची भीती माणसाला आवरते, ती त्या एका वाक्याने नाहीशी होते.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींसंबंधी महत्त्वाचा निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी या कामासाठी नेमावा, पीडितांना भरपाईची योजना असावी, असे खटले शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत आणि ज्या अधिकाऱ्याने कर्तव्य केले नाही त्याच्यावर कारवाई व्हावी, असे आदेश त्यात होते. निकाल उत्तम होता. पण राईनपाड्याचा खटला मात्र वर्षानुवर्षे चालला. सहा महिने कुठे आणि ती वर्षे कुठे! या उशिरातच पुढच्या प्रश्नाचे मूळ आहे.

आणि आरोपी खरोखरच गुन्हेगार असेल तर?

राईनपाड्यातील पाच जण निरपराध होते म्हणून आपले मन लगेच हळहळते. परंतु प्रश्नाची खरी परीक्षा तिथे होत नाही. आरोपी क्रूर असेल, त्याने खरोखर पाप केले असेल, आणि न्यायालयाची तारीख काही केल्या संपत नसेल तर?

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात अक्कू यादव नावाच्या गुंडाला आणले गेले होते. कस्तुरबा नगरातील गरीब स्त्रियांनी त्याचा छळ वर्षानुवर्षे सोसला होता. त्यांच्या तक्रारींची दाद लागत नव्हती. त्या दिवशी जमलेल्या स्त्रियांनी न्यायालयाच्या आवारातच त्याला ठार केले. पुढे २०१४ मध्ये खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. या स्त्रियांना नावे ठेवायला आमची जीभ रेटत नाही. ज्यांच्यासाठी ठाण्याचे दार कधी उघडलेच नाही, त्यांना 'कायदा हातात घेऊ नका' हे सांगणे सोपे नाही. पण त्यांच्यावर ही वेळ ज्यांनी आणली, त्यांना कोणी जाब विचारला? एक गुंड मेला आणि दाद न देणाऱ्यांची सुटका झाली.

६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ, एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवरील अत्याचार व खुनाच्या प्रकरणातील चार संशयितांना पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या. पोलिसांवर फुले उधळली गेली, पेढे वाटले गेले. अनेक लोकप्रतिनिधींनी पोलिसांचे जाहीर अभिनंदन केले. त्याआधी चारच दिवस राज्यसभेत एका सदस्येने अशा माणसांना लोकांसमोर जमावाच्या हवाली करावे असे सुचवले होते. कायदे करणाऱ्या सभागृहातच कायद्याबाहेरची शिक्षा सुचवली गेली! दुसऱ्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी मात्र बजावले की न्याय तडकाफडकी होऊ शकत नाही, आणि त्याचा सूड झाला की तो न्याय राहत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये त्याचा अहवाल उघड झाला. पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार केला आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तोवर फुले केव्हाच सुकून गेली होती.

आपल्या महाराष्ट्रातही फार वेगळे घडले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घ्यायलाच तासन्‌तास लागले, म्हणून संतापलेल्या लोकांनी २० ऑगस्टला रेल्वे रोखून धरली. २३ सप्टेंबरला त्या प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले आणि पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे शासनाने सांगितले. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. त्यांवर तेव्हाच्या गृहमंत्र्यांचे बंदूक घेतलेले छायाचित्र होते. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयासमोर आला आणि त्यात पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरण्यात आले.

त्या मुलींच्या आईवडिलांच्या जागी आपण असतो तर आपल्याला काय वाटले असते? कदाचित बरेच वाटले असते. हे आम्ही नाकारत नाही. पण जरा थांबून पाहू या. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. साक्षीपुरावा होत नाही, उलटतपासणी होत नाही. तोच गुन्हेगार होता का, आणखी कोणी सामील होते का, हे भर न्यायालयात सिद्ध होत नाही. ज्या यंत्रणेने तक्रार घ्यायला उशीर लावला, तिलाच मग 'न्याय केला' म्हणून टाळ्या मिळतात. आईवडिलांना सूड मिळतो, सत्य मिळत नाही.

प्रश्न विचारण्याची सवड

न्यायालय संथ का असते? त्यात आळस आहे, रिक्त पदे आहेत, तारखांचा खेळ आहे, हे सारे खरे. देशात पाच कोटींहून अधिक खटले तुंबले आहेत. याची लाज वाटायलाच हवी. तरीही त्या संथपणाचा एक भाग चांगला आहे. तो प्रश्न विचारण्यासाठी ठेवलेला वेळ आहे.

पवित्र शास्त्रात दानिएलच्या पुस्तकातील सुसान्नाची कथा आपल्याला ठाऊक आहे. तिच्यावर आळ घेणारे दोघे साधेसुधे लोक नव्हते. त्या वर्षी लोकांनी नेमलेले ते न्यायाधीश होते. अधिकारी बोलले म्हणजे खरेच, असे मानून जमाव तिला मारायला निघाला. तरुण दानिएलने फक्त दोन गोष्टी केल्या. त्याने त्या दोघांना एकमेकांपासून दूर केले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन वेगळ्या झाडांची नावे सांगितली. एका प्रश्नाने एक जीव वाचला.

राईनपाड्यात हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. कोणाचे मूल हरवले आहे? कोणत्या घरातले? नाव काय? एवढे जरी कोणी विचारले असते तरी उत्तर मिळाले नसते, आणि उत्तर नाही हेच उत्तर ठरले असते. जमावाला हजार हात असतात, पण प्रश्न विचारणारे तोंड नसते. म्हणूनच माणसाने न्यायालय निर्माण केले.

अधिकार कोठून येतो?

शेताला कुंपण घालतो ते गुरे आत शिरू नयेत म्हणून. कुंपणच शेत खाऊ लागले तर शेतकऱ्याने कोणाकडे जावे?

मंत्री, जिल्हाधिकारी, फौजदार, सरपंच यांच्या अंगात जन्मतः कसलीही वेगळी शक्ती नसते. फौजदाराच्या खांद्यावरचे तारे कायद्याने दिलेले आहेत. मंत्री भय, ममता किंवा आकस न धरता सर्वांशी राज्यघटनेनुसार वागण्याची शपथ घेतो आणि मगच खुर्चीवर बसतो. असा माणूस जेव्हा जमावाच्या हिंसेची पाठ थोपटतो तेव्हा तो स्वतःच्या खुर्चीचे पाय कापत असतो. कारण जमावाला एकदा कळले की कायद्यावाचून चालते, तर उद्या त्याला मंत्र्यावाचूनही चालेल. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, आरोपींची घरे बुलडोझरने पाडण्याच्या प्रकरणात, आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने हेच बजावले. शासनाने न्यायाधीश होऊन कोणाला दोषी ठरवू नये, आणि एकाच्या अपराधासाठी साऱ्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर काढू नये, असा त्याचा मथितार्थ आहे.

दर रविवारी आपण विश्वासाची घोषणा करतो. तीत प्रभू येशूखेरीज दोनच माणसांची नावे येतात. एक पवित्र मरियेचे आणि दुसरे एका सरकारी अधिकाऱ्याचे. पोंती पिलाताने जमाव जमवला नव्हता, खिळे ठोकले नव्हते. समोरचा माणूस निर्दोष आहे हे त्याला कळले होते. तरीही गर्दीला बरे वाटावे म्हणून त्याने हात धुतले. दोन हजार वर्षे झाली, ते हात अजून स्वच्छ झालेले नाहीत.

त्याच नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांत, दुसराही एक अधिकारी भेटतो. त्याचे नावही दिलेले नाही. इफिस शहरात संत पौलाच्या सोबत्यांना जमावाने ओढत नाट्यगृहात नेले आणि दोन तास घोषणा चालल्या. तेव्हा तिथला नगरलेखक उभा राहिला. तो ख्रिस्ती नव्हता. त्याने एवढेच सांगितले की कोणाची तक्रार असेल तर न्यायालये उघडी आहेत, तिथे जा. आणि सभा विसर्जित केली. पहिल्या ख्रिस्ती लोकांचा जीव एका कारकुनाने नुसते आपले काम नीट केल्यामुळे वाचला. जे संख्येने थोडे आहेत, त्यांनी ही गोष्ट विसरू नये. थोड्यांचे, गरिबांचे, अनोळखी लोकांचे रक्षण अखेर कायदाच करतो. बळवंताला त्याची गरज नसते.

काळ सोकावतो

'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही म्हण अशाच प्रसंगांसाठी आहे. पहिला मेलेला गुंड असतो, म्हणून कोणी रडत नाही. दुसरा नुसता संशयित असतो. तिसरा फक्त त्या वाटेने चाललेला असतो.

फिलिपाईन्स हा आशियातील सर्वांत मोठा कॅथोलिक देश. २०१६ मध्ये तिथे रॉड्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले. अमली पदार्थ विकणाऱ्यांना व सेवन करणाऱ्यांना ठार मारण्याचे उत्तेजन ते भर सभांतून देत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरकारी आकड्यांप्रमाणेच पोलीस कारवाईत सहा हजारांहून अधिक माणसे मेली. मेलेले बहुतेक झोपडपट्टीतले गरीब होते. ऑगस्ट २०१७ मध्ये सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा मारला गेला. त्याने आधी गोळी झाडली असे पोलीस म्हणाले, पण जवळच्या कॅमेऱ्यात पोलीस त्याला धरून नेताना दिसले. तिथल्या महागुरुस्वामींनी फेब्रुवारी २०१७ मध्ये या हत्यांविरुद्ध परिपत्रक काढून ते रविवारच्या मिस्साच्या वेळी चर्चमधून वाचायला लावले. पुढे मृतांसाठी रात्री चर्चच्या घंटा वाजू लागल्या. मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवरून दुतेर्ते यांना अटक करून हेगला नेण्यात आले. तिथे त्यांना वकील मिळाला, बाजू मांडण्याची संधी मिळाली. त्या हजारो गरिबांना जे नाकारले गेले ते त्यांना मिळाले, आणि ते मिळालेच पाहिजे. कायदा सर्वांचा असतो तो असा.

आपल्या गावात

हे सारे दिल्ली-मुंबईचे प्रश्न, आपण शिरपूरकरांनी काय करायचे, असे कोणी म्हणेल. आपल्याला करता येण्यासारखे बरेच आहे.

पहिली गोष्ट अनोळखी माणसाची. आपल्या सातपुड्याच्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत, नाशिककडे आणि त्याही पलीकडे जातात. तिथे आपले भाऊ-बहीण परके असतात. त्यांची भाषा वेगळी, कपडे वेगळे, ओळख सांगायला कोणी नाही. राईनपाड्यातले ते पाच जण आपल्या जिल्ह्यात जसे परके होते, तसेच. आपल्या माणसाला सुरतेच्या रस्त्यावर जो न्याय मिळावा असे वाटते, तोच आपल्या बाजारात आलेल्या भिक्षेकऱ्याला मिळायला हवा.

दुसरी गोष्ट डाकिणीची. एखादे मूल दगावले, जनावर मेले की एखाद्या विधवेवर, एकट्या बाईवर आळ घ्यायचा, तिला मारहाण करायची, गावाबाहेर काढायचे, हा प्रकार आपल्या डोंगराळ भागाला नवा नाही. तिथेही कोणीतरी मानाचा माणूस, कोणी भगत, 'हीच ती' असे सांगतो, आणि बाकीचे हात उचलतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेणे हाच गुन्हा ठरवला आहे. ही माहिती प्रत्येक पाड्यावर पोहोचायला हवी.

तिसरी गोष्ट कायद्याची. १ जुलै २०२४ पासून, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवसापासून, भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते. 'मी एकच काठी मारली' ही सबब चालणार नाही. संशयित माणूस दिसला तर पोलीस पाटलांना सांगावे, ११२ क्रमांकावर फोन करावा आणि पोलीस येईपर्यंत त्या माणसाला कोणी हात लावणार नाही हे पाहावे. मोबाईलवर आलेला भयंकर मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी 'कोणत्या गावातले मूल, कोणत्या दिवशी?' हा दानिएलचा प्रश्न विचारावा. २०१८ साली फिरत असलेली एक चित्रफीत तर कराचीतील मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीची होती. शेवट कापून टाकल्यामुळे ती खऱ्या घटनेसारखी दिसत होती.

चौथी गोष्ट साक्षीची. न्यायालये संथ आहेत म्हणून आपण ओरडतो, पण साक्षीदार कोर्टात येत नाहीत, आले तर फिरतात. न्याय लवकर हवा असेल तर पाहिलेले खरे सांगण्याचे धैर्यही हवे. त्याचबरोबर मत मागायला येणाऱ्यांना विचारावे की न्यायाधीशांची रिकामी पदे केव्हा भरणार आणि गरिबाची तक्रार ठाण्यात त्याच दिवशी नोंदली जाईल याची काय व्यवस्था केली? 'आम्ही ठोकून काढू' असे म्हणणाऱ्याला टाळी देण्यापूर्वी हा प्रश्न विचारला, तर बरीच भाषणे आखूड होतील.

शेवटी, आपल्यातले जे शासकीय सेवेत आहेत, शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, त्यांना आमची नम्र विनंती आहे. तुमच्या एका शब्दाचे वजन आमच्या शंभर शब्दांहून जास्त आहे. गर्दी जमेल त्या दिवशी तुम्हाला भाषण करावे लागणार नाही. मालेगावात लोकांनी केले तेवढेच करावे लागेल: दाराशी उभे राहायचे, आणि न्यायालय उघडे आहे असे सांगायचे.